गणपती ते भाऊबीज: सणाचं घर सांभाळणाऱ्यांच्या तब्येतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरतालिकेपासून भाऊबीजेपर्यंतचे दोन महिने ज्यांच्या जिवावर घरातला सण पार पडतो, त्यांच्यासाठी हे पान आहे. बहुतेक घरांत ती बाई असते, म्हणून उत्तरंही तशीच लिहिली आहेत. हे काम पुरुष करत असेल तर पाळी आणि गरोदरपण सोडून बाकी सगळं त्यालाही लागू आहे. आमचं म्हणणं एकच आहे. सामानाच्या यादीत नारळ-सुपारीच्याही वर तुमच्या गोळ्या, तुमचं जेवण आणि तुमची झोप लिहा, कारण यादीत नसलेलं ऐन सणात मिळत नाही. औषधांची माहिती डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून दिली आहे. त्यावरून मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नका.

१. सण अजून महिनाभर लांब आहे. स्वतःसाठी तयारी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

श्रावण लागला की चार कामं उरका. रोजच्या गोळ्या मोजा आणि सणाच्या आठवड्यात निदान पंधरा दिवसांचा साठा घरात राहील असं बघा. नेहमीचा औषधवाला त्याच दिवसांत गावी गेलेला असतो. मधुमेह, बीपी, दमा किंवा थायरॉइड असेल तर तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना भेटा आणि कोणत्या तारखांना उपवास आहे हे त्यांना सांगा. पाळीच्या अपेक्षित तारखा कॅलेंडरवर लिहा (कशासाठी, ते प्रश्न ८ मध्ये). चौथं काम सगळ्यांत जास्त टाळलं जातं: दुखरी दाढ, टाचेची भेग, बदललेला चष्म्याचा नंबर. ‘सण झाला की बघू’ म्हणून ठेवलेली दाढ गौरीजेवणाच्या दिवशी ठणकते आणि तेव्हा दवाखाना बंद असतो.

२. गौरी-गणपतीत पहाटे पाचपासून ओट्यापाशी उभी असते. दुपारपर्यंत टाचा आणि कंबर धरते. काय करू?

नुसत्या कामापेक्षा जास्त त्रास होतो तो अनवाणी, टणक फरशीवर, एकाच जागी तासन् तास उभं राहिल्याने. चालताना पोटऱ्या आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की ते खाली साचतं आणि संध्याकाळी घोटे सुजतात.

ओट्याखाली दहा-पंधरा सेंटीमीटर उंचीचा पाट ठेवा आणि आळीपाळीने एकेक पाय त्यावर टेकवा. कमरेचा बाक कमी होतो. पायाखाली जाड रबरी मॅट घाला. सतरंजीची घडी नको, ती सरकते आणि हातात गरम पातेलं असतं. स्वयंपाकघरापुरत्या मऊ चपला वापरल्या तर उत्तमच. सोवळ्यात चपला चालत नसतील तर मॅट आणखी महत्त्वाची. पाऊण तास झाला की टाचा वीस वेळा वर-खाली करा, तेवढा वेळ आमटी वाट बघते.

नारळ खवणं, भाज्या चिरणं, मोदक वळणं, करंज्या भरणं ही सगळी बसून करायची कामं आहेत, खुर्ची-टेबलावर. उकड ओट्यावर मळू नका. ओटा कोपराच्या जवळ येतो, जोर लावताना खांदे वर चढतात आणि रात्री मान धरते. परात खालच्या टेबलावर घेतली की शरीराचं वजन कामी येतं. चकलीने मनगट दुखतं त्याचं कारण बहुतेक वेळा थंड होऊन घट्ट झालेलं पीठ असतं. थोडं थोडं पीठ पाण्याच्या हाताने मऊ मळून घ्या आणि सोऱ्या दोघांनी आळीपाळीने फिरवा.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचं लोखंडही जवळपास तेवढंच. म्हणजे साधारण तीस किलो. तो उचलू नका, तिरका करून कडेवर फिरवत न्या. रात्री पंधरा मिनिटं पाय भिंतीला टेकवून वर ठेवले की घोट्याची सूज उतरते. एकाच पायाला सूज असेल तर मात्र प्रश्न १९ बघा.

३. सगळ्यांच्या पंगती उठेपर्यंत मी जेवत नाही. साडेतीन वाजतात आणि मग पित्त उसळतं. नैवेद्याआधी खायचं तरी कसं?

पहाटेचा चहा आणि त्यावर दहा तास काही नाही, वर तळणीचा वास आणि धग. पित्त, डोकेदुखी, हातापायांना कंप सुटणं, चिडचिड हे सगळं त्यातूनच येतं. त्यानंतर भुकेच्या भरात पुरणपोळी, भजी, मसालेभात एकदम पोटात जातात आणि रात्री छातीत जळजळतं.

बहुतेक घरांत नैवेद्याआधी दूध आणि फळ चालतं. सकाळी नऊच्या आत एक कप दूध, एक केळं आणि तीन-चार खजूर घ्या. कुळाचार कडक असेल तर जेवण उशिरावर टाकण्यापेक्षा नैवेद्यच लवकर दाखवा: देवाचं पान साडेअकराला दाखवायचं ठरवलं की बाराला पहिली पंगत बसते. त्या पंगतीला वाढणाऱ्यांपैकी निम्म्या जणींनी बसायचं, दुसऱ्या पंगतीला उरलेल्यांनी. हे आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. ऐनवेळी ‘तुम्ही बसा, मी मागून जेवते’ हे वाक्य तोंडातून आपसूक निघतं आणि कोणी अडवत नाही.

पाण्याची लिटरभराची बाटली ओट्यावर ठेवा आणि दुपारी बारापर्यंत संपवा. शेवटी पातेल्यात उरलेलं ‘वाया जाऊ नये’ म्हणून पोट भरल्यावरही खायचं काम तुमचं नाही. डबे भरा, शेजारी द्या.

४. नवरात्रात नऊ दिवस उपवास असतो. तिसऱ्या दिवसापासून डोकं दुखतं, पोट साफ होत नाही आणि थकवा येतो. चुकतं कुठे?

साबुदाण्यात. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. प्रथिनं नगण्य, चोथा नगण्य. दोन वेळा खिचडी आणि मध्ये वेफर्स असं नऊ दिवस चाललं की थकवा आणि बद्धकोष्ठ ठरलेलं. साबुदाणा एक दिवसाआड ठेवा. एका जेवणाला राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी आणि वाटीभर दही. दुसऱ्याला भगर आणि शेंगदाण्याची आमटी, सोबत काकडीची कोशिंबीर. मधल्या वेळी रताळं किंवा पेरू.

डोकेदुखीचं दुसरं कारण चहा. रोज चार कप घेणारीने घटस्थापनेला एकदम बंद केला तर दोन-तीन दिवस डोकं दुखतंच. आधीच्या आठवड्यात एकेक कप कमी करा.

सैंधव हलकं असतं, बीपीला चालतं, हा समज खरा नाही. त्यातही मुख्यतः तेच सोडियम असतं, आणि साध्या मिठात घातलेलं आयोडीन नसतं. याउलट मीठ पूर्ण सोडून रात्री गरबा खेळणाऱ्यांना चक्कर येते. त्यांनी खेळायला जाण्याआधी मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत घ्यावं.

५. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दर नवरात्रात येतात. भगर खायचीच नाही का?

खा, पण पीठ सुटं आणू नका. भगरीवर बुरशी लवकर धरते आणि पीठ करून ठेवलं की ओल अधिक ओढते. बुरशीच्या विषाने उलट्या, चक्कर, घाम, अंगाला कंप अशी लक्षणं दिसतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे ‘चांगलं भाजून घेतलं होतं’ याने भागत नाही. पाकीटबंद भगर घ्या, तारीख बघा, निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवा. पीठ लागेल तेवढंच आणि त्याच दिवशी दळा. मागच्या महाशिवरात्रीची उरलेली पुडी टाकून द्या.

६. मला मधुमेह आहे. उपवास धरला तर चालेल का? आणि मोदकाचं काय?

कोणती गोळी चालू आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर ती शक्यता खरी आहे. उपवासाच्या दिवसाची मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर निर्जळी धरायचीच नाही; ही औषधं लघवीवाटे पाणी आणि साखर बाहेर टाकतात, शरीर कोरडं पडतं आणि रक्तात आम्ल वाढू शकतं. टाइप १ मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, अलीकडे साखर कमी होऊन बेशुद्ध पडण्याचा प्रसंग, किंवा एकटं राहणारं वयस्क माणूस असेल तर उपवास नको.

उपवासात ग्लुकोमीटरने साखर तपासा. बोटाच्या थेंबाने उपवास मोडत नाही. ७० च्या खाली आकडा आला की त्या क्षणी उपवास सोडा: तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तरीही कमी असेल तर पुन्हा घ्या आणि मग दूध-केळ्यासारखं काही खा. अशा वेळी पेढा किंवा बर्फी नको, तुपा-खव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आकडा ३०० च्या वर गेला तरी उपवास थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा.

उकडीचा मोदक म्हणजे तांदूळ, गूळ आणि नारळ. तो जेवणानंतर वरून घेऊ नका, भाताच्या जागी घ्या. दोन मोदक खायचे तर त्या जेवणात भात आणि पोळी नाही; वरण, भाजी आणि कोशिंबीर आधी खा, मोदक शेवटी. मोदक खाल्ला म्हणून आपल्या मनाने जास्तीची गोळी घेणं सगळ्यांत घातक, रात्री झोपेत साखर उतरते.

७. हरतालिकेला निर्जळी असते. बीपीची आणि थायरॉइडची गोळी घेऊ की नको?

घ्या, पाण्याबरोबरच घ्या. धर्मशास्त्रात मान्य असलेल्या एका जुन्या श्लोकात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. घरातल्या मोठ्यांशी बोलताना डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा हा आधार जास्त उपयोगी पडतो, असं आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बीपीची गोळी अचानक चुकवली तर दाब उसळू शकतो. मात्र लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर दिवसभर पाण्याविना राहू नका. दाब उतरून चक्कर येते. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) शरीरात बरेच दिवस टिकतं, त्यामुळे एखादी गोळी चुकली तर घाबरू नका, पण चुकवायचं कारणही नाही.

त्यातून हरतालिकेला लागून चतुर्थी आणि मग ऋषिपंचमी. तृतीयेला निर्जळी आणि जागरण, चतुर्थीला घरभर पाहुणे नि मोदकांचा स्वयंपाक, पंचमीला पुन्हा व्रत. निरोगी बाईलाही हे लागोपाठ जड जातं. तिन्ही करायची असतील तर हरतालिका पाणी-फळांवर करा. अनेक घरांत आता तशीच करतात.

८. गौरींच्या वेळी पाळी येणार आहे. पुढे ढकलण्याची गोळी घ्यावी का? किती दिवस आधी सुरू करायची?

आम्हाला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: पाळीत पूजेपासून दूर राहायचं की नाही, हा तुमचा आणि तुमच्या घराचा निर्णय आहे. पूजा दुसऱ्याने करावी, तुम्ही गोळी न घेता आराम करावा, हा मार्ग नेहमीच मोकळा असतो. गोळी घेणं कोणावरही बंधनकारक नाही, आणि सासरच्यांनी आणून दिली म्हणून तर मुळीच नाही.

घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून. सहसा नॉरेथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा दिली जाते. ती अपेक्षित पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करायची असते. नेहमीची चूक इथेच होते: बायका सणाच्या तीन दिवस आधी सुरू करतात, आणि पाळी त्याआधीच येणार असेल तर उपयोग होत नाही. रक्तस्राव सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीने पाळी पुढे जात नाही. म्हणून प्रश्न १ मध्ये तारखा लिहायला सांगितलं. गोळ्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, कधी नेहमीपेक्षा जास्त अंगावरून जातं. एखादी गोळी विसरली तर मध्येच डाग दिसू शकतात. आठच्या, चारच्या आणि रात्री बाराच्या वेळेचा गजर लावा.

पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, जवळच्या नात्यात तसा इतिहास असेल, डोळ्यांसमोर चमकणारी अर्धशिशी, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, कारण न समजलेला रक्तस्राव किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर ही गोळी नको. फिट्सच्या आणि क्षयाच्या काही औषधांनी तिचा परिणाम कमी होतो. वजन जास्त, धूम्रपान किंवा लांबचा बसून प्रवास यांत गुठळीचा धोका वाढतो, हेही डॉक्टरांना सांगा. ही गोळी गर्भनिरोधक नाही. गोळी घेताना पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा अचानक दृष्टी बिघडली तर गोळी थांबवून थेट रुग्णालयात जा.

गौरींना घेतली आणि पुन्हा नवरात्राला घ्यायची का? लागोपाठ दोन महिने चक्र हलवू नये. त्यातला एकच सण निवडा. आधीपासून गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट चालू असेल तर वेगळी गोळी लागत नाही. पाकीट सलग कसं घ्यायचं ते डॉक्टर सांगतील.

९. सून गरोदर आहे (किंवा बाळ अंगावर पितं). तिने कोणता उपवास करावा?

कोणताच कडक उपवास नाही. निर्जळी तर नाहीच: शरीर कोरडं पडलं की गर्भाशय आवळू लागतं, चक्कर येते. उपवासाचे पदार्थ नेहमीच्या जेवणात मिसळून खाल्ले तर हरकत नाही, पण वरण-भाजी-पोळी आणि लोहाच्या गोळ्या चालू राहायला हव्यात. बाळाची हालचाल कमी वाटली तर आरती संपायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. अंगावर पाजणारीला एरवीपेक्षा जास्त पाणी लागतं. पहिल्या वर्षीची हरतालिका तिच्या नावाने सासूने केली तरी चालते, आणि हे सासूने स्वतःहून सांगितलं तर सुनेच्या मनावरचं दडपण उतरतं.

१०. दिवाळीची साफसफाई झाली की दरवर्षी खोकला आणि दमा उसळतो. टाळता येईल का?

बरंचसं. कोरडी झाडणी नको. माळा, पंखे, पुस्तकांची कपाटं आधी ओल्या फडक्याने पुसा, मग झाडा. नाकावर बसणारा एन-९५ मास्क लावा, ओढणीतून बारीक धूळ आत जातेच. खोल्या एकाच दिवशी काढू नका, रोज एक. दम्याच्या माणसाने रोजचा इनहेलर ‘आता बरं आहे’ म्हणून सोडू नये. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तेव्हा दिवाळीच्या दिवशी सुरू करून फटाक्यांच्या धुराला तो पुरत नाही. धाप लागल्यावर लगेच घ्यायचा पंप वेगळा, तो कमरेच्या पिशवीत ठेवा. देवघर लहान असेल तर धूप-कापूर खिडकी उघडून.

संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात दोन मिनिटांत गुदमरायला होतं. असं झालंच तर तसंच टाकून मोकळ्या हवेत या.

माळ्यावर चढायचं ते खाऊन, शिडी धरायला कोणी असताना. उपवासाच्या दिवशी स्टुलावर स्टूल ठेवून चढू नका.

११. फराळ तळताना भाजलं तर आधी काय करायचं?

भाजलेला भाग वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. वीस मिनिटं खरोखर मोजा. दोन मिनिटांत थंड वाटलं तरी आतली उष्णता उतरलेली नसते. नळाला पाणी नसेल तर बादलीतून तांब्याने ओतत राहा. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काही नको. मग स्वच्छ सुती कापडाने सैल झाका; फोड फोडू नका. तुमच्या तळहातापेक्षा मोठं असेल, चेहरा, हात किंवा सांध्यावर असेल, किंवा कातडी पांढरी पडून दुखतच नसेल तर रुग्णालय.

कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करा आणि कढईवर झाकण सरकवा. पाणी टाकू नका, कढई उचलून मोरीकडे नेऊ नका. तेल उडतं ते बहुधा ओल्या झाऱ्यामुळे आणि कडा नीट न मिटलेल्या करंजीमुळे. तळताना सुती कपडे घाला, पदर खोचा. जमिनीवर शेगडी ठेवून तळायची सवय असेल तर रांगतं मूल घरात असताना ती मोडा.

१२. गणपतीला कोकणात जायचंय. प्रवासातच अर्धा जीव जातो. काय सोबत घ्यावं?

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. तारीख आधीच मोजून ठेवा. रस्त्याने जाणार असाल तर माणगाव, इंदापूरच्या कोंडीत दोन-चार तास जाऊ शकतात, हे धरूनच निघा.

बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. लघवी दाबून, पाणी टाळून गावी पोचलं की दुसऱ्या दिवशी जळजळ आणि ताप. पाणी थोडं थोडं पीत राहा आणि लघवी लागण्याची वाट न बघता मोठ्या एसटी स्थानकावर किंवा पंपावर गाडी थांबवायला सांगा. हे सांगायला संकोच करू नका, गाडी चालवणाऱ्यालाही विश्रांती हवी असते. सोबत साबण-कागद, बसणं टाळायचं असेल तर उभ्याने वापरायचं कागदी नरसाळं.

कशेडी आणि परशुराम घाटात गाडी लागत असेल तर उलटीची गोळी घाटाआधी नव्हे, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या. तिने झोप येते, म्हणून चालकाने घेऊ नये. दर तासाला पावलं वर-खाली करा. औषधं सामानाच्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत. टपावरच्या बॅगेतलं इन्सुलिन उन्हात खराब होतं.

१३. आमच्या दारातूनच मिरवणूक जाते. ढोल-ताशा आणि डीजेचा आवाज सहन होत नाही. काय करता येईल?

कानात कापूस घालून आवाज फारसा अडत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट टेकवून ठेवा. पथकात वादन करणाऱ्यांनी सरावापासून लावावेत. १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांपलीकडे कान धोक्यात येतात, असा कामगार-आरोग्यातला एक प्रचलित निकष आहे, आणि स्पीकरच्या भिंतीजवळ आवाज सहज तेवढा असतो. तान्हं बाळ आणि हृदयविकाराचं माणूस त्या संध्याकाळी नातेवाइकांकडे किंवा मागच्या खोलीत न्या. लेझरच्या किरणाकडे पाहू नका. डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांना रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. तक्रार ११२ वर करता येते. आवाज थांबल्यावर कानात घूं-घूं दिवसभर राहिलं, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. उशीर केला तर औषधाचा गुण कमी येतो.

१४. जागरण आणि पहाटेचं अभ्यंगस्नान यांत झोप कशी सांभाळायची?

दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटं आडवं व्हा, दार लावून, फोन दुसऱ्याकडे देऊन. चारनंतर चहा-कॉफी नको. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री दहाला झोपायचं तर उटणं, तेल, नवे कपडे, रांगोळीचं सामान संध्याकाळीच काढून ठेवा. विसर्जनाच्या जागरणानंतर सकाळी गाडी चालवू नका.

१५. घरात चार माणसं आहेत, पण काम माझ्यावरच येतं. मदत मागितली तर ‘सांग ना काय करू’ म्हणतात.

सांगणं आणि लक्षात ठेवणं हेच निम्मं काम आहे, म्हणून सुटी सुटी कामं न देता पूर्ण खातं द्या. ‘फुलं-दुर्वा-पत्री’ हे एक खातं: मोजणं, आणणं, निवडणं, हार करणं, निर्माल्य नेणं, सगळं एकाचं. ‘चहा-पाणी आणि कप धुणं’ दुसरं, ‘सकाळ-संध्याकाळची आरती आणि प्रसाद’ तिसरं. फ्रिजवर नावांसकट कागद लावा. ज्याचं खातं आहे त्याने विसरलं तर ते भरून काढायला धावू नका. एक दिवस दुर्वा कमी असतील, बाप्पा रागावत नाही.

कामवाल्या मावशींच्या घरीही गौरी असतात. त्यांच्या रजेच्या तारखा महिनाभर आधी विचारा आणि त्या दिवसांचा स्वयंपाक साधा ठेवा. अनेक शहरी घरांत दिवाळीला महिन्याचा पगार बोनस देतात. तो धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी द्या, म्हणजे त्यांच्या घरच्या खरेदीला उपयोगी पडतो.

फराळाचे दोन पदार्थ घरी, बाकी बचत गटाकडून मागवा. घरी करायचे ते तुम्हाला करायला आवडतात तेच निवडा.

१६. दहा दिवसांचा गणपती आता झेपत नाही. दीड दिवसाचा केला तर चालतो का? पाहुण्यांना ‘नाही’ कसं म्हणायचं?

दीड, पाच, सात, दहा या सगळ्या मान्य पद्धती आहेत आणि गौरींबरोबर विसर्जनाची प्रथाही जुनी आहे. मनात शंका असेल तर घरच्या गुरुजींना विचारा आणि बदल विसर्जनाच्या वेळी देवाला सांगून पुढच्या वर्षीपासून करा. आजारपणात त्याच वर्षी केलात तरीही चालतो.

पाहुण्यांना दर्शनाची वेळ निमंत्रणातच लिहा: ‘संध्याकाळी ५ ते ८, मंगळवार आणि बुधवार’. लोक खुशीने पाळतात. जेवणाचा आग्रह टाळायचा तर ‘यंदा फक्त प्रसाद आहे, निवांत जेवायला दसऱ्यानंतर या’ एवढं पुरेसं आहे. कारणांची यादी देऊ नका, एकेका कारणावर उपाय सुचवले जातात.

१७. यंदा घरात माणूस गेलंय. सगळीकडे सण आणि आम्हाला काही सुचत नाही.

वर्षभर सण न करण्याची प्रथा अनेक घरांत आहे, काही घरांत देवापुरतं साधं करतात. दोन्हींत चूक काही नाही. दिवाळीचा पहिला फराळ नातेवाईक घेऊन येतात ती पद्धत चांगली आहे, त्यांना येऊ द्या. मुलं असतील तर त्यांना एक आकाशकंदील लावू द्यायला हरकत नाही. रडू आलं तर चारचौघांत आवरायची सक्ती स्वतःवर करू नका. दोन-तीन आठवडे झोप नाही, अन्न नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही असं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येतं, मराठीतही. जीव द्यावासा वाटत असेल तर एवढे दिवस थांबू नका, आत्ता फोन करा.

१८. आम्ही परदेशात आहोत. लक्ष्मीपूजन कामाच्या दिवशी येतं.

त्या संध्याकाळी दिवा, नैवेद्याला एक पदार्थ आणि घरी व्हिडिओ कॉल. बाकी सगळं शनिवार-रविवारी. वर्षाची रजा आखताना या दिवसाची अर्धी रजा जानेवारीतच टाकून ठेवा. भाड्याच्या घरात धूप आणि तळणी यांनी धुराचा अलार्म वाजतो. तो बंद करू नका. आधी खिडकी उघडा आणि चिमणी चालू करा.

१९. कोणत्या तक्रारी ‘विसर्जन झाल्यावर बघू’ म्हणायच्या नाहीत?

छातीवर दाब, जबडा, मान किंवा पाठीत दुखणं, थंड घाम, अचानक धाप किंवा कारण नसताना आलेला कमालीचा थकवा. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका अनेकदा छातीत न दुखता असा येतो आणि सणाच्या जेवणानंतर तो पित्त समजून सोडा पिऊन झोपलं जातं. तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, जीभ जड होणं हा पक्षाघात; त्यावरच्या औषधाला पहिले साडेचार तासच मिळतात, म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. एका पोटरीची दुखरी सूज, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा प्रश्न ८ मधल्या गोळ्या चालू असताना. जुलाब-उलट्यांत सहा-आठ तास लघवी न होणं.

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. अनंत चतुर्दशीला शहरांतले मुख्य रस्ते मिरवणुकीसाठी बंद असतात, त्यामुळे सकाळीच बघून ठेवा: मिरवणुकीच्या मार्गाच्या आपल्या बाजूला, रस्ता न ओलांडता पोचता येईल असं चोवीस तास चालू असणारं रुग्णालय कोणतं. त्याचं नाव आणि फोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि खाली मिरवणूक-कार्यकर्त्यांपैकी एकाचा नंबर लिहा. गर्दीतून रुग्णवाहिकेला वाट करून द्यायला तो सगळ्यांत आधी पोचतो.